एकच जेल, तीन तऱ्हेने गोठवलं, तीन वेगळ्या वस्तू! फ्रीझ ड्रायिंगने एअरोजेलचे गुणधर्म एवढे का बदलतात?

केतकी_बडोदे | ८ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात पीएचडी करते, तिसरं वर्ष चालू आहे. नर्मदाकाठच्या केळीच्या बागांत घड उतरवला की खांब कापून बांधावर टाकून देतात. त्या सोपटातून सेल्युलोज काढायचं, त्याचे नॅनोमीटर जाडीचे तंतू करायचे आणि त्या तंतूंचं एअरोजेल बनवायचं, हे माझं काम. पत्र्याच्या छपराखाली लावता येईल अशी उष्णतारोधक वडी मला हवी आहे. मे महिन्यात बडोद्यात पत्र्याच्या खोलीत ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना कारण सांगायला नको.

जेल पाण्यातलं आहे, वजनाने १ टक्का सेल्युलोज. सुपरक्रिटिकल ड्रायर आमच्याकडे नाही, लायोफिलायझर, म्हणजे फ्रीझ ड्रायिंगचं मशीन, आहे. गेल्या आठवड्यात एकाच बरणीतलं जेल तीन साच्यांत ओतलं. एक साचा उणे २०च्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवला, दुसरा उणे ८०च्या डीप फ्रीझरमध्ये, तिसरा द्रव नायट्रोजनमध्ये. मग तिन्ही एकाच मशीनमध्ये, एकाच वेळी, ४८ तास.

पहिला निघाला खारी बिस्किटासारखा, पापुद्रेच पापुद्रे. दुसरा बरा, स्पंजसारखा, पण खाली घट्ट आणि वर भुसभुशीत. तिसरा हाताला सगळ्यात मऊ, पण आरपार भेगा. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिन्ही आकसून खपाटीला गेले. त्याआधी घाईघाईत उष्णतावाहकता मोजली होती, ती साध्या थर्माकोलच्या आसपास आली.

वाळवणं एकच, जेल एकच, मग वस्तू तीन का? आणि मुळात याला एअरोजेल म्हणायचं का?

---

लायोवाला | ८ जुलै, रात्री १०:४०

आधी एक सांगा. शेवटी व्हॅक्यूम तोडलात तेव्हा मशीनमध्ये नमुने ठेवतात त्या शेल्फचं तापमान किती होतं, आणि आत कुठली हवा सोडलीत?

---

नवखा_वाचक | ८ जुलै, रात्री ११:०५

विषय नवीन आहे, पण वाचायला आवडतंय. एअरोजेल म्हणजे नक्की जेल की हवा?

---

आबा_दांडियाबाजार | ९ जुलै, सकाळी ६:३०

नवखा, जेलीतलं पाणी काढून घ्यायचं, त्या जागी हवा भरायची आणि जेलीला पत्ता लागू द्यायचा नाही. हे जमलं तर एअरोजेल.

पत्ता का लागतो ते सांगतो. रंगाचा ब्रश पाण्यात असताना त्याचे केस मोकळे असतात. बाहेर काढला की सगळे केस एकमेकांना चिकटून टोक होतं. ते पाण्याच्या पृष्ठताणाने. जेलमधल्या तंतूंचं उघड्यावर वाळताना हेच होतं, फक्त तिथल्या फटी इतक्या बारीक असतात की ओढ भयंकर वाढते. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याच्या वक्र पृष्ठभागाची ओढ गणिताने सुमारे १४० वातावरणांएवढी येते. केळीच्या तंतूंची काय बिशाद! सगळं जाळं मिटून कडक चकती होते, तिला झेरोजेल म्हणतात.

१९३१ साली सॅम्युअल किस्टलर यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन इथल्या कॉलेजात यातून वाट काढली. द्रव आणि वाफ यांच्यात सीमाच उरणार नाही इतकं तापमान आणि दाब वाढवायचा. सीमा नाही म्हणजे पृष्ठताण नाही, पृष्ठताण नाही म्हणजे ओढ नाही. हेच सुपरक्रिटिकल ड्रायिंग. अल्कोहोलसाठी हे २४० अंशांच्या वर जातं, म्हणून पुढे कार्बन डायऑक्साइड आला. त्याला ३१ अंश आणि सुमारे ७४ बार पुरतात. किस्टलर यांनी सिलिकाबरोबरच जिलेटिन, अगर, अंड्यातला पांढरा बलक, सेल्युलोज यांचीही एअरोजेलं केली होती. केतकी, म्हणजे तुझ्या सोपटाचं घराणं जुनं आहे.

फ्रीझ ड्रायिंगमध्ये तीच ओढ दुसऱ्या वाटेने टाळतात. पाणी आधी गोठवायचं आणि बर्फाची थेट वाफ करायची. शाळेत ज्याला आम्ही संप्लवन शिकवायचो ते हेच. त्यासाठी दाब ६११ पास्कलच्या खाली हवा, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दीडशेव्या भागाहूनही कमी.

---

शंकासूर | ९ जुलै, सकाळी ९:२०

आबांचं सगळं मान्य, पण इथेच मेख आहे. ओढ टळते, बर्फ टळत नाही. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि स्फटिक वाढताना तंतूंना बाजूला ढकलत नेतो. तंतू बर्फात शिरू शकत नाहीत, म्हणून ते दोन स्फटिकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत दाटीवाटीने दाबले जातात. नंतर बर्फ उडून जातो आणि त्याच्या आकाराची भोकं मागे राहतात. केतकीताई जे पापुद्रे म्हणतात त्या या दाबल्या गेलेल्या भिंती. मूळ जेलचं जाळं तिथे शिल्लकच नाही.

म्हणून स्पष्ट बोलतो, हे एअरोजेल नाही, क्रायोजेल आहे, म्हणजे गोठवून वाळवलेलं जेल. मी सिलिकावर काम केलं आहे. ओलं सिलिका जेल सरळ गोठवलं तर बहुतेक वेळा हातात चुरा येतो. सुपरक्रिटिकलने तेच जेल अखंड निघतं, ग्रॅमला ६०० ते १००० चौरस मीटर पृष्ठफळासह. स्टारडस्ट यानाने २००४ मध्ये विल्ड २ धूमकेतूची धूळ ज्या वड्यांत पकडली आणि २००६ मध्ये पृथ्वीवर आणली, त्या सिलिका एअरोजेलच्या होत्या.

ड्रायर नाही म्हणून नाव बदलू नये, असं माझं मत.

---

खमंग_काकू | ९ जुलै, दुपारी १:१०

मला रसायनातलं कळत नाही, पण तीन फ्रीझरचं वाचून राहवलं नाही. ही तर कुल्फीची गोष्ट आहे! घरच्या फ्रीझरमध्ये कुल्फी सावकाश गोठते आणि दाताखाली बर्फाची कचकच लागते. आमच्या रावपुऱ्याच्या जुन्या घरी सासूबाई मटक्यात बर्फ आणि खडेमीठ घालून साचे हलवत बसायच्या. ती झटकन गोठायची आणि रवाळ न होता गुळगुळीत लागायची. दूध आटवून घट्ट केलं असेल तर आणखी छान.

---

कवडसा | ९ जुलै, दुपारी २:०५

काकू, तुम्ही धाग्याचं अर्धं उत्तर देऊन टाकलंत. सावकाश थंड केलं तर थोडीच बीजं तयार होतात आणि तेच स्फटिक मोठे होत राहतात. झटकन थंड केलं तर असंख्य बीजं एकदम, म्हणून स्फटिक बारीक आणि भोकंही बारीक. आटवलेलं दूध म्हणजे केतकीच्या भाषेत जास्त टक्क्याचं जेल. तंतूंची गर्दी असली की बर्फाला पसरायला जागा कमी मिळते. अर्ध्या टक्क्याला पापुद्रे होतात, टक्केवारी वाढवत गेलं की जाळी दिसू लागते. माझ्या नमुन्यांत हे दर वेळी दिसलं आहे.

केतकी, दुसऱ्या नमुन्यात खाली घट्ट, वर भुसभुशीत का ते ओळख पाहू. साचा कशाचा होता आणि डीप फ्रीझरमध्ये कशावर ठेवला होतास?

---

केतकी_बडोदे | ९ जुलै, रात्री ९:३०

प्लास्टिकचा साचा, डीप फ्रीझरच्या लोखंडी कप्प्यावर. कळलं! खालून थंडी झपाट्याने चढली म्हणून खाली बारीक स्फटिक, वर पोचेपर्यंत वेग मंदावला म्हणून मोठे.

पण मग द्रव नायट्रोजन सगळ्यात चांगला ठरायला हवा होता. उणे १९६ अंश! त्याला भेगा का?

---

चिलरवाले_दादा | ९ जुलै, रात्री १०:१०

मकरपुऱ्यात आमचं व्हॅक्यूम पंप आणि चिलर दुरुस्तीचं काम आहे, लायोफिलायझर नेहमी येतात. भेगांचं सांगतो. बाहेरचा थर क्षणात गोठून दगड होतो, आतलं पाणी अजून पाणीच असतं. ते मागाहून गोठताना फुगतं, पण बाहेर जायला जागा नाही. मग कवच फुटतं. बाटलीभर पाणी फ्रीझरमध्ये विसरलं की बाटली तडकते, तसंच.

दुसरं म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये साचा बुडवला की तो उकळतो आणि साच्याभोवती वाफेचं पांघरूण बसतं. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तसं. त्या पांघरुणामुळे वाटतं तितक्या वेगाने थंडी आत जात नाही. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची जाड पाटी आधी गार करा, साचा तिच्यावर ठेवा, बाजू थर्माकोलने झाका. थंडी एकाच बाजूने चढेल, ताण कमी येईल. नमुनाही पातळ ठेवा.

---

नवखा_वाचक | ९ जुलै, रात्री १०:३०

मग भोकं मोठी असली तर बिघडलं काय? हवा तर तीच ना आत? वजनही तेच.

---

आबा_दांडियाबाजार | १० जुलै, सकाळी ६:१५

फार चांगला प्रश्न. वजन खरंच तेवढंच राहतं. १ टक्क्याचं जेल न आकसता वाळलं तर घनता घन सेंटिमीटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास येणार. सेल्युलोजची स्वतःची घनता दीड ग्रॅम, म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त जागा मोकळी. भोकं बारीक असोत की मोठी, हा हिशेब बदलत नाही.

पण उष्णतेला ते कळतं. हवेचा रेणू साध्या खोलीत सरासरी ७० नॅनोमीटरच्या आसपास अंतर कापतो तेव्हा दुसऱ्या रेणूला धडकतो, आणि या धडकांतूनच उष्णता पुढे जाते. भोक त्याहून लहान असेल तर रेणू दुसऱ्या रेणूऐवजी भिंतीलाच धडकत राहतो आणि निरोप पोचवायचं काम मंदावतं. म्हणून चांगलं सिलिका एअरोजेल ०.०१५ वॅट प्रति मीटर केल्विनच्या आसपास असतं, स्थिर हवा ०.०२६. हवेपेक्षाही कमी! बर्फाने केलेली भोकं मात्र पुष्कळदा दहा, वीस, पन्नास मायक्रोमीटरची. एवढ्या दालनात रेणू बिनधास्त फिरतात, मग आकडा थर्माकोलजवळ येणारच. केतकी, तुझं माप चुकलेलं नाही.

आणि आकसण्याचं एक गणित. तिन्ही बाजूंनी फक्त १० टक्के आकसलं तरी आकारमान ०.७३ पट उरतं, म्हणजे १०ची घनता १४ जवळ जाते. खपाटीला गेलेल्याचं तर विचारूच नको.

---

कवडसा | १० जुलै, सकाळी ११:४५

आबांचं बरोबर, पण शंकासूर यांच्याशी मी सहमत नाही. फ्रीझ ड्रायिंग म्हणजे गरिबाचं सुपरक्रिटिकल असा सूर आहे, तो मला खटकतो.

२०१५ मध्ये स्टॉकहोमच्या गटाने नॅनोसेल्युलोज, ग्राफीन ऑक्साइड, सेपिओलाइट माती आणि बोरिक आम्ल असं मिश्रण एकाच दिशेने गोठवून वाळवलं. बर्फाचे खांब तळापासून वर वाढले, मागे मधाच्या पोळ्यासारख्या उभ्या नळ्या राहिल्या. नळ्यांच्या आडव्या दिशेने मोजलं तेव्हा वाहकता ०.०१५ आली, थर्माकोलच्या निम्म्याहून कमी. शिवाय ते सहज पेट घेत नव्हतं. नळ्यांच्या लांबीच्या दिशेने मात्र उष्णता कितीतरी जास्त जाते. तेव्हा केतकीने आधी हे पाहायला हवं की तिचं मोजणं कुठल्या दिशेने झालं.

२०१३ मध्ये चीनच्या चच्यांग विद्यापीठाने जाहीर केलेलं ग्राफीन एअरोजेल घन सेंटिमीटरला ०.१६ मिलिग्रॅमचं होतं, आतली हवा न धरता. बाहेरची हवा स्वतः १.२ मिलिग्रॅमची! ते फ्रीझ ड्रायिंगनेच केलेलं होतं. बर्फाने जाळं बिघडवलं असं म्हणण्यापेक्षा बर्फाने जाळं रचलं असं मी म्हणेन. साचा ओतणारा कारागीर बर्फच आहे.

---

शंकासूर | १० जुलै, दुपारी १२:३०

ते दाखले मला माहीत आहेत आणि ते उत्तमच आहेत. पण स्टॉकहोमवाल्यांनी स्वतः त्याला फोम म्हटलं आहे, एअरोजेल नाही. माझा मुद्दा नेमका तोच.

दुसरं, ताकदीचं बोला. उघड्या जाळीच्या पदार्थाचा ताठपणा साधारण घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलतो. घनता निम्मी केली तर ताठपणा चौथाई. हलकं म्हणून मिरवायचं आणि छपराखाली लावायचं, हे एकत्र कसं जमणार?

---

कवडसा | १० जुलै, दुपारी १:००

जमतं, कारण उभ्या नळ्यांच्या दिशेने तो वर्गाचा नियम तितका कडक राहत नाही. वेताची मोळी उभी दाबा आणि आडवी दाबा. उभी कितीतरी वजन पेलते. छपराखालच्या वडीत नळ्या छपराला समांतर निजवल्या तर उष्णता आडवी अडते. त्या बाजूने दाबलं की वडी मऊ पडते हे खरं, पण छपराखाली तिच्यावर वजन टाकणार कोण? हवं तर वर-खाली पातळ पुठ्ठा लावता येईल.

फोम या शब्दाबद्दल मात्र तुमचं बरोबर. मी एअरोजेल शब्द सैल वापरतो, हे कबूल.

---

लायोवाला | १० जुलै, रात्री ९:५०

मी पादरा गावाकडच्या एका औषध कारखान्यात बावीस वर्षं लायो चालवतोय. आमच्या कुप्यांत इंजेक्शनची पूड असते, पण भौतिकशास्त्र तेच. तीन गोष्टी सांगतो, नंतर माझा पहिला प्रश्न परत विचारतो.

सगळे गोठवण्यावर बोलताहेत, बरोबरच आहे, निम्म्याहून अधिक निकाल तिथेच लागतो. पण वाळवण्यातही मार खाता येतो. बर्फाच्या वाफेचा दाब उणे २० अंशांना सुमारे १०३ पास्कल असतो, उणे ४०ला १३. शेल्फ गरम केलं की काम आठपट पटापट होतं, म्हणून मोह होतो. पण नमुन्यात सगळं पाणी बर्फ झालेलं नसतं. तंतूंना चिकटलेला पातळ थर आणि अगदी बारीक छिद्रांतलं पाणी फार खाली जाईपर्यंत गोठत नाही. दोन नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात ते उणे ३०च्या आसपासपर्यंतही द्रव राहू शकतं. घाई केली तर हा भाग मऊ पडून भिंती बसतात. आम्ही त्याला कोलॅप्स म्हणतो. लायोत घाई म्हणजे अख्खी बॅच नाल्यात.

आमच्याकडे गोठवल्यावर कधीकधी उणे १० वगैरेला काही तास धरून ठेवतात. छोटे स्फटिक विरघळून मोठ्यांना मिळतात, वाफेला रुंद वाट मिळते आणि वाळवणं लवकर संपतं. आम्हाला ते हवं असतं. केतकीताईंना बारीक भोकं हवीत, त्यांनी हे चुकूनही करू नये. फ्रीझरमधून काढून मशीनपर्यंत नेताना नमुना बाहेर रेंगाळला तरी नकळत हेच होतं.

४८ तास हा आकडा कुठून आला? घड्याळ बघून लायो संपत नाही. मशीनवर पिरानी गेज आणि कपॅसिटन्स गेज असे दोन्ही दाबमापक असतील तर दोन्ही आकडे बघा. चेंबरमध्ये पाण्याची वाफ असते तोवर पिरानी खऱ्या दाबाच्या साधारण १.६ पट दाखवतो. दोन्ही एकत्र आले की समजावं बर्फ संपला.

आता सांगा, व्हॅक्यूम तोडताना शेल्फ किती अंशांवर होतं?

---

केतकी_बडोदे | १० जुलै, रात्री ११:२०

लायोवाले दादा, पहिल्या दिवशी तुमचा प्रश्न माझ्याकडून राहून गेला, माफ करा. आज मशीनची नोंदवही बघून आले. शेल्फ गरम करायची सोय त्या दिवशी बंद होती. नमुने गारच होते. झडप उघडली आणि खोलीतली हवा आत गेली. एसी बंद होता, बाहेर धो धो पाऊस.

---

लायोवाला | १० जुलै, रात्री ११:३५

मग झालं. जुलैतली बडोद्याची हवा गार नमुन्यावर सोडलीत. ४८ तास खपून जे पाणी काढलं ते दव होऊन परत आत गेलं, आणि या वेळी द्रव स्वरूपात. आबांचा ब्रश!

---

आबा_दांडियाबाजार | ११ जुलै, सकाळी ६:२०

वा! बावीस वर्षांचा अनुभव पुस्तकात सापडत नाही. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

सेल्युलोजला पाणी फार प्रिय. कोरडं केलं तरी पावसाळ्यात ते हवेतून ओल ओढतच राहतं. तंतू एकदा एकमेकांना चिकटले की नंतर पाण्यात घालूनही पूर्ववत सुटत नाहीत. म्हणून खपाटीला गेलेला नमुना परत फुलवायच्या नादी लागू नकोस.

---

खमंग_काकू | ११ जुलै, सकाळी ११:००

दवाचं पटलं. चिवड्याचा डबा पावसाळ्यात उघडा राहिला की तासाभरात मऊ.

आबा, एक विचारू? चायना ग्रासच्या पट्ट्या मी खरवसासारख्या वड्यांना वापरते. त्या इतक्या हलक्या, आतून स्पंजासारख्या असतात. त्याही अशाच करतात का?

---

आबा_दांडियाबाजार | ११ जुलै, दुपारी ४:४५

काकू, तुमची नजर फार बारीक आहे. होय! जपानमध्ये सतराव्या शतकात एका खानावळवाल्याने उरलेली समुद्रशेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली, ती रात्री गोठली, दिवसा वितळली, काही दिवसांनी कोरडी हलकी पट्टी उरली, अशी अगरच्या जन्माची गोष्ट सांगतात. तिथे बर्फ वितळून पाणी निथळतं, म्हणून आपल्या लायोसारखं शुद्ध संप्लवन नाही. पण भोकं पाडणारा कारागीर तोच.

थोडं विषयांतर करतो. आपल्या शहरात १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्यासारखा रसायनज्ञ त्याच्या प्रमुखपदी बसवला. रंगकाम, कापड, धातू, सगळं हाताने करून शिकवायचं, हे तिथलं धोरण. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. बांधावरच्या सोपटातून कुणी छपराची वडी करू बघतंय, हे त्या मुशीतलंच काम आहे. मला मनापासून आनंद झाला.

---

शंकासूर | ११ जुलै, रात्री ८:१५

नावाबद्दल भांडलो तरी मदत करायला आवडेल. पाण्याऐवजी टर्शरी ब्युटेनॉल हे अल्कोहोल वापरून पाहा. जेलमधलं पाणी टप्प्याटप्प्याने त्याने बदलायचं, मग गोठवायचं. २५ अंशांच्या आसपास ते स्वतःच गोठतं, गोठताना आकारमान पाण्यासारखं बदलत नाही, स्फटिक बारीक होतात आणि त्याचा वाफदाब जास्त असल्याने लवकर उडून जातं. जपानमध्ये तामोन यांच्या गटाने रेसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड जेलांसाठी हाच मार्ग घेतला आणि बारीक छिद्रं टिकवली. नॅनोसेल्युलोजमध्ये पाण्यातून वाळवलेल्याचं पृष्ठफळ बऱ्याचदा ग्रॅमला काही दहा चौरस मीटरच येतं, या मार्गाने ते शंभराच्या वर, कधी अडीचशेच्या पुढेही गेलेलं आहे. हे जमलं तर एअरोजेल म्हणायला माझी हरकत नसेल.

---

चिलरवाले_दादा | ११ जुलै, रात्री ९:००

बडोद्यात त्या ब्युटेनॉलची बाटली मे महिन्यात पाण्यासारखी असते आणि जानेवारीत आतल्या आत दगड. बाटली ठोकू नका, कोमट पाण्यात धरा. ज्वालाग्राही आहे, ज्योत अजिबात नको. पंपाच्या धुराड्याची नळी खिडकीबाहेर काढा, गॅस बॅलास्ट, म्हणजे पंपात थोडी हवा सोडणारी झडप, उघडा ठेवा, दोन-तीन फेऱ्यांनंतर तेल बघा. तेल पातळ झालं की व्हॅक्यूम लागत नाही, मग लोक पंपाला नावं ठेवतात.

---

केतकी_बडोदे | २ ऑगस्ट, रात्री १०:०५

मंडळी, तीन आठवडे गायब होते, आता सांगण्यासारखं काही आहे.

आधी फक्त एकच गोष्ट बदलली. जेल तेच, फ्रीझर तेच. पिरानी आणि कपॅसिटन्स एकत्र येईपर्यंत थांबले, तर ४८ऐवजी ६१ तास लागले. म्हणजे पहिल्या वेळी बर्फ पुरता संपलाही नव्हता! मग शेल्फ ३० अंशांवर नेलं, चार तास धरलं आणि कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडला. नमुने सरळ डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात. आज सहावा दिवस, कडा अजून धारदार आहेत. लायोवाले दादा, तुमचे आभार कसे मानू?

मग तांब्याची पाटी. चिलरवाले दादांनी सांगितलं तसा साचा, बाजू झाकलेल्या. नळ्या तळापासून वर उभ्या गेल्या, भिंगाखाली पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. भेग एकही नाही. नळ्यांच्या आडव्या दिशेने मोजलेली वाहकता लांबीच्या दिशेपेक्षा स्पष्ट कमी आहे. थर्माकोलच्या खाली उतरले, स्थिर हवेच्या खाली नाही. अजून नाही.

ब्युटेनॉलची वडी पापुद्र्यांची न होता खडूसारखी एकसंध, दुधी पांढरी आली आहे. पृष्ठफळाचं मोजमाप बाकी आहे, रांगेत नंबर आहे. ओल धरू नये म्हणून पुढच्या खेपेला मिश्रणातच मिथाइलट्रायमेथॉक्सीसिलेन घालणार आहे.

नावाचं म्हणाल तर सरांशी बोलले. पाण्यातून गोठवलेल्यांना प्रबंधात क्रायोजेलच लिहिणार, आणि गोठवण्याचा वेग, दिशा, साचा, माध्यम हे चारही प्रत्येक तक्त्यात. आत्तापर्यंत मी फक्त “फ्रीझ ड्रायिंग केलं” एवढंच लिहीत होते. त्या तीन शब्दांत काहीच सांगितलेलं नव्हतं, हे आता कळतंय.

---

शंकासूर | २ ऑगस्ट, रात्री १०:३०

अभिनंदन, मनापासून. पृष्ठफळाचा आकडा आला की इथेच टाका. नमुना मोजायला देण्याआधी फार तापवून वायू काढू देऊ नका, सेल्युलोज आहे.

---

कवडसा | २ ऑगस्ट, रात्री १०:४५

नळ्यांचा फोटो! फोटो! फोटो!

---

आबा_दांडियाबाजार | ३ ऑगस्ट, सकाळी ६:१०

केतकी, एक म्हाताऱ्याची विनंती. इतकी वर्षं किस्टलर शिकवला, पण अशी वस्तू हातात कधी धरली नाही. एखादा तुकडा बघायला मिळेल का? रविवारी कमाटी बागेत सकाळी फिरायला असतो.

---

केतकी_बडोदे | ३ ऑगस्ट, सकाळी ८:००

आबा, नक्की आणते. पण बागेत नको, पाऊस आहे. तुमच्या घरीच येते, दांडिया बाजार माझ्या वाटेवरच आहे. एक उभ्या नळ्यांचा आणि एक ब्युटेनॉलचा.

---

खमंग_काकू | ३ ऑगस्ट, सकाळी ९:२०

मीही येते गं. चायना ग्रासची पट्टी घेऊन येते, शेजारी ठेवून बघू.

---

लायोवाला | ३ ऑगस्ट, सकाळी ९:३५

डबा घट्ट झाकणाचा घ्या, आत सिलिका जेलची पुडी टाका, आणि निघताना ती निळीच आहे ना ते बघा. गुलाबी झाली असेल तर आधी बदला.